तांब्याचे नॅनो मिश्रधातू: आधी भट्टीचा विचार, मग मिलचा

बॉल मिलमध्ये तांब्याची भुकटी दळून 20-30 नॅनोमीटरचे ग्रेन (धातूतले बारीक स्फटिक) मिळवणे फारसे अवघड नाही. बरी मिल, पोलादी गोळ्या आणि आठ-दहा तास हाताशी असले की काम होते. पंचाईत पुढे असते. त्या भुकटीचा घट्ट तुकडा करायचा तर ती तापवावी लागते, आणि तापवली की ग्रेन फुगतात. अतिशुद्ध नॅनो तांब्यात तर ग्रेन खोलीच्या तापमानालाही वाढत गेल्याची नोंद 1990 च्या दशकापासून आहे. 600 अंशांवर दाबून काढलेला शुद्ध तांब्याचा तुकडा शेवटी बाजारातल्या पट्टीच्या जवळ जाऊन बसतो. मग नवखा विद्यार्थी काय करतो? मिलचे तास वाढवतो. रोग एकीकडे आणि औषध भलतीकडे.

एम.टेक. किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात हा विषय गळ्यात पडलेल्यांसाठी हा लेख आहे. धातुशास्त्राची तोंडओळख आणि एक्सआरडीचा (क्ष-किरण विवर्तनाचा) आलेख वाचता येणे एवढे मी गृहीत धरले आहे. सरावासाठी तांबे आणि 3 अणुटक्के (दर शंभर अणूंमागे तीन) झिर्कोनियम ही जोडी घेतली आहे. ती का, ते पुढे येईलच.

ग्रेन वाढतात कशाच्या जोरावर

एक साधा हिशेब करून ठेवा. ग्रेनचा व्यास 20 नॅनोमीटर असेल, तर एक ग्रॅम तांब्यात ग्रेनच्या सीमांचे एकूण क्षेत्रफळ साधारण 17 चौरस मीटर भरते. मुंबईतल्या बऱ्यापैकी बेडरूमची जमीन धरा. या सीमेच्या दर चौरस मीटरमागे सुमारे 0.6 जूल ऊर्जा अडकलेली असते, म्हणजे ग्रॅममागे 10 जूल. ही ऊर्जा टाकून द्यायला धातू टपलेलाच असतो. अणूंना हालायला थोडे तापमान मिळाले की सीमा सरकतात, लहान ग्रेन मोठ्यांच्या पोटात जातात आणि क्षेत्रफळ घटते.

तापमानाचा विचार नेहमी केल्विनमध्ये, तांब्याच्या वितळबिंदूच्या तुलनेत करा. तांबे 1358 केल्विनला वितळते. 600 अंश सेल्सियस म्हणजे 873 केल्विन, वितळबिंदूच्या 0.64 पट. टंगस्टनवाल्यांना 600 अंश किरकोळ वाटतील, तांब्याला ते फार आहेत. म्हणून दुसऱ्या धातूवरच्या पेपरमधले तापमान जसेच्या तसे उचलू नका.

पहिली पायरी: सीमा कोण धरून ठेवणार ते ठरवा

मिश्रधातू निवडताना विचारायचा प्रश्न एकच: दुसरा धातू सीमेपाशी जाऊन नेमके काय करणार आहे? उत्तरे ढोबळमानाने दोन.

पहिले उत्तर ऊर्जेचे. दुसऱ्या धातूचे अणू सीमेवर जाऊन बसले तर सीमेची ऊर्जा उतरते. ऊर्जाच कमी झाली की वाढीचा जोर ओसरतो. योर्ग वाइसम्युलर यांनी ही मांडणी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला केली. सीमेवर जायला तांब्याला नकोसा असणारा अणू लागतो, म्हणजे आकाराने मोठा आणि तांब्यात जवळपास न विरघळणारा. झिर्कोनियम तसाच आहे. घन तांब्यात तो जास्तीत जास्त 0.12 अणुटक्के मावतो, तेही 972 अंशांच्या आसपास.

दुसरे उत्तर अडथळ्याचे. बारीक, न विरघळणारे कण सीमेला जागोजागी अडकवून ठेवतात. झेनर यांचे सूत्र इथे हाताशी असू द्या: अडथळ्याच्या कणाची त्रिज्या गुणिले चार, भागिले त्याच्या आकारमान-हिश्शाची तिप्पट, म्हणजे ग्रेन साधारण जिथे थांबेल तो व्यास. 5 टक्के कण आणि त्रिज्या 5 नॅनोमीटर असेल तर उत्तर येते 133 नॅनोमीटर. त्रिज्या 2 केली की तेच उत्तर 53 वर येते. कण निम्म्याने बारीक केले की त्यांचे प्रमाण दुप्पट करण्याइतकाच फायदा होतो, हे इथून कळते. गोम अशी की तापवल्यावर हे कणही जाड होतात आणि मग पकड सुटते. त्यामुळे तांब्यात हळू फिरणारा आणि जवळपास न विरघळणारा धातू हवा.

टँटलम या कसोटीला उतरतो. तो 3017 अंशांना वितळतो आणि तांब्यात मिसळत नाही म्हणजे नाहीच. वितळवून हे मिश्रण जमत नाही, म्हणून ते दळून करतात. अमेरिकी लष्कराची संशोधन प्रयोगशाळा आणि अॅरिझोना स्टेट विद्यापीठ यांनी 10 अणुटक्के टँटलमच्या तांब्यावर केलेले काम 2016 मध्ये नेचर या नियतकालिकात आले. त्यातला क्रीपचा वेग, म्हणजे ताणाखाली तापलेला धातू हळूहळू लांबण्याचा वेग, बहुतेक नॅनो धातूंपेक्षा सहा ते आठ दशमान-घातांनी, म्हणजे दहा लाख ते दहा कोटी पटींनी, कमी निघाला. 2025 मध्ये सायन्स नियतकालिकात पुढची पायरी आली: 3 टक्के टँटलमसोबत अर्धा टक्का लिथियम. त्यात तांबे-लिथियमच्या सूक्ष्म कणांभोवती टँटलमचा पातळ थर बसतो. हा धातू 800 अंशांवर 10,000 तास टिकला आणि खोलीच्या तापमानाला त्याचे यील्ड बळ (धातू कायमचा वाकू लागतो तो ताण) 1120 मेगापास्कल होते.

हे वाचून लगेच टँटलमची ऑर्डर देऊ नका. भुकटी महाग असते, आणि 10 अणुटक्के म्हणजे वजनाने तब्बल 24 टक्के. लिथियम तर नवख्याच्या हाती देण्याची वस्तूच नव्हे. शिकायला झिर्कोनियम बरे. टिमथी रुपर्ट यांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या (अर्व्हाइन) तेव्हाच्या गटाने 3 अणुटक्के झिर्कोनियमची भुकटी 950 अंशांवर आठवडाभर ठेवली, तरी ग्रेन 20 वरून 54 नॅनोमीटरपर्यंतच गेले. हे तापमान त्या मिश्रधातूच्या वितळायच्या सुरुवातीच्या 98 टक्के आहे. तुमचा आकडा त्याच्या आसपास आला की नाही हे पाहून स्वतःची पद्धत तपासता येते. नवख्याला अशी मोजपट्टी हवीच.

दुसरी पायरी: वजन आणि दळण

पेपरमधले टक्के बहुधा अणूंचे असतात आणि तराजू वजन दाखवतो. 3 अणुटक्के झिर्कोनियम वजनाने 4.25 टक्के होते. 10 ग्रॅमच्या घाण्याला 9.575 ग्रॅम तांबे आणि 0.425 ग्रॅम झिर्कोनियम.

झिर्कोनियमची भुकटी 50 मेशसारखी (इंचाला 50 छिद्रांच्या चाळणीची) जाड घ्या. मिल ती बारीक करणारच आहे, आणि फार बारीक झिर्कोनियम हवेत आपोआप पेट घेते. वजन करणे, जार भरणे, झाकण आवळणे, सगळे आर्गॉन भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये. दळून झाल्यावर जार पूर्ण गार होऊ द्या आणि तोही आतच उघडा. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीचे विझवण हाताशी असू द्या. अशा आगीवर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही चालत नाहीत.

जार आणि गोळ्या कठीण पोलादाच्या. गोळ्यांचे वजन भुकटीच्या दहापट ठेवा. पाव इंची पोलादी गोळी जवळपास एक ग्रॅम भरते, म्हणजे शंभरेक गोळ्या लागतील. हलवणारी स्पेक्स मिल असेल तर दहा तासांपासून सुरुवात करा. पण एक बारीकशी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: 8000एम मॉडेल अमेरिकेच्या 60 हर्ट्झ विजेवर मिनिटाला 1060 झोके घेते आणि आपल्या 50 हर्ट्झवर सुमारे 875. तिकडचे दहा तास इकडे दहा तास नसतात. आपल्याकडच्या बऱ्याच लॅबमध्ये ग्रहगतीची मिल असते. तिथे तास आणखी वाढतात आणि मध्ये मध्ये थांबून जार गार करावा लागतो. टोल्युइनमध्ये ओले दळण करायची पद्धतही इकडे रुळली आहे. झिर्कोनियमसाठी मी ती टाळेन. एक तर टोल्युइन स्वतः पेट घेते, शिवाय त्याचा कार्बन धातूत उतरतो.

कार्बनवर थोडे थांबू. तांबे मऊ असल्याने गोळ्यांना आणि जारच्या भिंतीला चिकटून बसते. ते चिकटू नये म्हणून स्टिअरिक आम्ल घालतात, साधारण वजनाच्या 1 टक्का. आता हिशेब मांडा. 10 ग्रॅमच्या घाण्यात 0.1 ग्रॅम स्टिअरिक आम्ल, त्यात तीन-चतुर्थांश कार्बन, म्हणजे 6.3 मिलिमोल. झिर्कोनियम आहे 4.66 मिलिमोल. तापवल्यावर सगळा कार्बन झिर्कोनियमशी जुळला तर सीमेवर जायला एकही अणू उरायचा नाही! प्रत्यक्षात इतके होत नाही, काही भाग वायू होऊन निघून जातो. पण झिर्कोनियम कार्बाइडचे कण तयार होतात, आणि तेही सीमा अडवतात. म्हणजे ग्रेन टिकले तर श्रेय सीमेवरच्या झिर्कोनियमचे की कार्बाइडचे, हे आपोआप कळत नाही. म्हणून दोन घाणे करा, एक 1 टक्क्याचा आणि एक अर्ध्या टक्क्याचा, आणि दोन्हींतला कार्बन मोजून घ्या. आम्ल अजिबात नको असेल तर द्रव नायट्रोजनने जार गार ठेवून दळतात. थंडीत तांबे कमी चिकटते. टँटलमवाल्यांनी हा मार्ग वापरला आहे.

लोखंडही मोजा. गोळ्या झिजतात आणि ते लोखंड भुकटीत येते. 1 अणुटक्क्याच्या खाली असेल तर पुढे जायला हरकत नाही, पण आकडा लिहून ठेवा. आणखी एक घाणा कंटाळा न करता काढाच: शुद्ध तांबे, तेच आम्ल, तेच तास. हा तुलनेचा नमुना नसेल तर पुढचा कुठलाही दावा लटका पडतो.

तिसरी पायरी: एक्सआरडी, आणि तिच्यावर किती विश्वास ठेवायचा

तांब्याच्या नळीच्या किरणांत तांब्याचे पहिले शिखर 43.3 अंशांवर, पुढची 50.4 आणि 74.1 वर दिसतात. दळल्यावर दोन गोष्टी पाहा. शिखर डावीकडे सरकले का? सरकले असेल तर मोठा झिर्कोनियम अणू जबरदस्तीने तांब्याच्या जाळीत शिरला आहे. आणि शिखर रुंदावले का? शेररच्या, म्हणजे शिखराच्या रुंदीवरून आकार काढणाऱ्या, सूत्राने 20 नॅनोमीटरच्या ग्रेनला पहिल्या शिखराची रुंदी 0.43 अंश येते आणि 54 नॅनोमीटरला 0.16. 100 नॅनोमीटरला ती 0.09 पेक्षाही कमी होते. पुष्कळ यंत्रांची स्वतःची रुंदीच तेवढी असते. म्हणून लॅन्थनम हेक्साबोराइडच्या प्रमाण नमुन्यावर यंत्राची रुंदी मोजून ती वजा करा, आणि 100 च्या पुढचा शेररचा आकडा कुठेही छापू नका.

शिवाय दळलेल्या धातूत ताण भरलेला असतो आणि तोही शिखर रुंद करतो. एकाच शिखरावर शेरर लावला की हा ताणही ग्रेनच्या खात्यात जमा होतो आणि ग्रेन आहेत त्याहून लहान दिसतात. सगळी शिखरे घेऊन विल्यमसन-हॉलचा आलेख काढा. त्यातून निदान ताण आणि आकार वेगळे होतात.

भुकटीचा कण आणि ग्रेन यांची गल्लत करू नका, हेही इथेच सांगतो. सेममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) दिसणारा 30 मायक्रॉनचा दाणा म्हणजे भुकटीचा कण. त्याच्या पोटात अब्जावधी ग्रेन असतात. 'नॅनो पावडर' समजून हा दाणा पाहून निराश झालेले विद्यार्थी दर वर्षी भेटतात.

चौथी पायरी: दाबण्याआधी तापवून पाहा

सगळ्या कामाचा कणा ही पायरी, आणि नेमकी हीच लोक गाळतात. तुकडा बनवायला भुकटी भरपूर लागते, यंत्राची वेळ लागते, आणि तो फसला की ग्रेन वाढल्यामुळे की भोके राहिल्यामुळे हे सांगता येत नाही. भुकटीच तापवून पाहिली तर अर्ध्या ग्रॅममध्ये उत्तर मिळते.

एकाच घाण्याचे छोटे भाग करा. 300, 450, 600, 750 आणि 900 अंश, प्रत्येकी एक तास. शुद्ध तांब्याचेही तेच. भुकटी क्वार्ट्झच्या नळीत निर्वात करून सील करतात, पण सील करण्यापूर्वी पंप चालू ठेवून 250-300 अंशांपर्यंत हळूहळू तापवा आणि आम्लाचे अवशेष निघून जाऊ द्या. तसे न करता सील केलेली नळी भट्टीत फुटू शकते. चष्मा आणि तोंडावरची ढाल याला पर्याय नाही.

बाहेर काढल्यावर गार कसे करता त्यावर निकाल बदलतो. तांबे-झिर्कोनियममध्ये जास्त तापमानाला ग्रेनच्या सीमेवर काही नॅनोमीटर जाडीचा अस्फटिकी (अणूंची नीट मांडणी नसलेला) पापुद्रा तयार होतो. रुपर्ट यांच्या गटाने तो टीईएममध्ये (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) दाखवला आणि उच्च तापमानातल्या टिकाऊपणाचे बरेच श्रेय त्याला दिले. नळी थेट पाण्यात टाकून झटकन गार केली तर हा पापुद्रा गोठून राहतो. भट्टीतच सावकाश गार केली तर तो पुन्हा स्फटिकी होऊ शकतो. म्हणून 900 अंशांचे दोन नमुने ठेवा, एक पाण्यात आणि एक भट्टीत गार केलेला.

आता प्रत्येकाची एक्सआरडी. शिखर उजवीकडे, शुद्ध तांब्याच्या जागी परतू लागले तर झिर्कोनियम जाळीतून बाहेर पडतो आहे. तो सीमेवर गेला की संयुगात अडकला ते नव्या शिखरांवरून थोडेफार कळते. ही नवी शिखरे बारीक असतात, स्कॅन सावकाश घ्या. ग्रेनचा आकार तापमानासमोर मांडा. शुद्ध तांब्याची रेघ 300-450 मध्येच वर उडेल. मिश्रधातूची रेघ कुठवर सपाट राहते ते पाहा. ती जिथे वळते त्याच्या पन्नासेक अंश खाली तुमच्या दाबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा. दळल्यानंतरचा आकार 18 आहे की 25, याला त्यापुढे फार किंमत नाही.

सरासरी फसवते, हेही ध्यानात असू द्या. काही ग्रेन मायक्रॉनभर वाढलेले आणि बाकीचे अजून 40 वर, असा प्रकार होतो, आणि एक्सआरडीची रुंदी लहान ग्रेनमुळे बरी दिसत राहते. शिखराचा शेंडा टोकदार आणि पायथा पसरट दिसला की संशय घ्या.

पाचवी पायरी: तुकडा घडवणे

हाताशी बहुधा स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग (विजेचा प्रवाह सोडून तापवत दाबणे) किंवा गरम दाबयंत्र असेल. ग्रॅफाइटच्या साच्यावर साधारण 50 ते 100 मेगापास्कलच्या पुढे जाता येत नाही. नॅनो भुकटी कठीण असते आणि इतक्या दाबाला कमी तापमानात सहज बसत नाही. टंगस्टन कार्बाइडचा साचा मिळाला तर दाब वाढवून तापमान खाली आणता येते, आणि माझ्या मते हाच व्यवहार फायद्याचा. तापमापक साच्याच्या भिंतीत असेल तर आतली भुकटी त्याहून जास्त तापलेली असू शकते, ती मोकळीक धरा.

टँटलमच्या तांब्यासाठी वापरलेला मार्ग वेगळा: भुकटी निकेलच्या डब्यात भरून, 700 अंशांच्या आसपास तापवून, काटकोनात वळणाऱ्या नळीतून चार वेळा ढकलायची. प्रत्येक फेरीत साधारण 1.15 इतकी विकृती (स्ट्रेन) बसते. तेवढ्या घुसळणीत कणांवरचे ऑक्साइडचे पापुद्रे फुटतात आणि ताजा धातू धातूला भिडतो. तिथे ग्रेन 50 नॅनोमीटरच्या जवळपास राहिले. ही सोय मोजक्या ठिकाणी असते. नसेल तर जीव जाळू नका.

दाबण्याआधी भुकटीतला वायू काढणे विसरू नका. दळताना आर्गॉन आणि आम्लाचे तुकडे कणांच्या पोटात अडकतात. दाबलेला तुकडा छान घट्ट दिसतो, आणि पुन्हा 800-900 अंशांवर नेला की फुगतो, अंगावर फोड येतात. निर्वातात 400 अंशांवर काही तास दिले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. इथेच चौथ्या पायरीचा आलेख उपयोगी पडतो: 400 वर तुमचे ग्रेन टिकतात हे आधीच माहीत असते. तांब्यातला ऑक्साइड घालवायला हायड्रोजन वापरतात, पण तो दाबण्यापूर्वीच. घट्ट तुकड्यात ऑक्सिजन उरलेला असताना हायड्रोजन दिला की आत वाफ तयार होते आणि ग्रेनच्या सीमा उकलतात.

सहावी पायरी: तपासणी

घनता आर्किमिडीजच्या पद्धतीने मोजा, पण भागायचे कशाने? शुद्ध तांब्याच्या 8.96 ने नव्हे. आपल्या मिश्रधातूची गणिती घनता 8.82 आहे, 10 टक्के टँटलमच्या तांब्याची 10.1. चुकीच्या आकड्याने भागून 100 टक्क्यांवर गेलेली घनता मी प्रबंधांत वाचली आहे.

हार्डनेस ही सर्वांत स्वस्त परीक्षा. हॉल-पेच नियमात (ग्रेन जितके लहान तितका धातू बळकट) तांब्याचा गुणांक साधारण 0.11 मेगापास्कल-मूळ-मीटर धरला तर 50 नॅनोमीटरला यील्ड बळ सुमारे 520 मेगापास्कल येते, आणि त्याची तिप्पट, सुमारे 1560 मेगापास्कल, 9.8 ने भागून विकर्स हार्डनेस 160 च्या आसपास. तुमचा तुकडा 90 दाखवत असेल तर ग्रेन 150 च्या पुढे गेले आहेत किंवा आत भोके आहेत. घनता हाताशी असल्याने कोणते ते लगेच कळेल. 220 दाखवत असेल तर कार्बाइड किंवा झिर्कोनियमचा वाटा आहे, एवढ्यावरून ग्रेनचा आकार उलटा काढू नका. जमल्यास विद्युतवहनही मोजा. तांबे निवडायचे कारण बहुधा तेच असते, आणि सीमा व परके अणू दोघेही ते खाली आणतात. बळ आणि वहन दोन्ही हवे पण तापमान फार नको, अशा कामाला तांबे-क्रोमियम-झिर्कोनियम आजही चांगले आहे. तिथे नॅनोचा हट्ट धरू नये.

शेवटी टीईएम. आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण-केंद्रात बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही पैसे भरून स्लॉट मिळतो, पण रांग असते. नमुना गॅलियमच्या आयन किरणाने कापणार असाल तर शेवटची झिलई कमी ऊर्जेवर करून घ्या. नॅनो तांब्यात तो किरणच ग्रेन वाढवू शकतो, आणि मग दोष भट्टीच्या माथी जातो. एकच स्लॉट हाती असेल तर दळलेली भुकटी नेऊ नका. तिच्याबद्दल एक्सआरडी पुरेसे सांगते. दाबलेला आणि त्यानंतर पुन्हा 750 अंशांवर तासभर ठेवलेला तुकडा न्या, आणि निदान दोनशे ग्रेन मोजता येतील इतकी चित्रे वेगवेगळ्या जागांची काढून मागा.